रिकामे बसले की मूर्च्छा

३ एप्रिल २०२५, गुरुवार

स्वस्ति श्री. सकलविद्युद्भारचिंतक, देयकदुरुस्तिधुरंधर, वीजबचत घोषवाक्य स्पर्धेतील उत्तेजनार्थ पारितोषिकाचे मानकरी, जळगावच्या वीजकचेरीतील वरिष्ठ लिपिक श्रीमान पितांबरराव यांच्या निवासस्थानी आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी नव्या संगणकास मूर्च्छा आली.

कन्या हेमांगी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरांची त्रिमितीय चित्रे काढते. प्रत्यक्षात एकही वीट रचलेली नाही, पडद्यावर मात्र गच्चीतल्या कुंड्यांनाही फुले. सोळा तारखेपर्यंत तिचा परीक्षाकाल. यंत्र टिकले तर कायम नोकरी, तीही घरूनच. न टिकल्यास पुण्याच्या कार्यालयात खुर्ची. एकुलती एक आहे. ती गेली की या घरात मी, सौ. ज्योत्स्ना आणि भिंतीवरचे ते पारितोषिकाचे प्रमाणपत्र.

व्याधी विलक्षण. चित्र रंगवीत असता ग्राफिक्स कार्ड तापते, घुरघुरते, पण ढळत नाही. हेमांगी जेवायला उठली, यंत्र रिकामे राहिले – आणि पडदा काळा. आतला पंखा मात्र पिठाच्या गिरणीसारखा. बटण दाबून सर्व बंद करणे आणि पुनश्च हरिओम, हाच उपाय.

"कामात नाही, जेवणाच्या सुट्टीत मरतंय," ज्योत्स्ना म्हणाली. "तुमच्या कचेरीतलंच दिसतंय."

४ एप्रिल

कचेरीस निघण्यापूर्वी घरातील यच्चयावत दिवे-पंखे मालवणे हे आमचे नित्यकर्म. या आठवड्यापासून त्यात संगणकाचीही भर. हेमांगी स्नानास गेली की विजेच्या सेटिंगमध्ये 'पॉवर सेव्हर' निवडतो. आज पाहतो तो यंत्र आपोआप 'हाय परफॉर्मन्स'वर गेलेले! स्वभावतःच उधळे दिसते. पुन्हा बचतीवर आणले.

दुपारी मूर्च्छा, एक.

७ एप्रिल

निदान : उष्णता. बाहेर त्रेचाळीस अंश. आमचा कूलर संगणकाच्या सेवेत रुजू केला. संगणकाचा डबा उघडून धूळ फुंकली. ती सर्व माझ्या नाकात गेली. फ्रिजचा प्लग काढून ती जागा यंत्रास दिली. कार्ड माठासारखे गार झाले आणि त्याच शीतल अवस्थेत तीन वेळा गतप्राण झाले. अर्थात उष्णता निर्दोष.

सेटिंग पुन्हा उधळपट्टीवर गेले होते. पुन्हा वळवले. सद्वर्तनास सातत्य लागते.

८ एप्रिल

यंत्राने हट्ट सोडला. सकाळी पाहिले तो बचत कालच्यासारखीच शाबूत. सत्संगाचा प्रभाव.

मूर्च्छा, चार.

९ एप्रिल

आज सायंकाळी हेमांगीच्या कंपनीची ऑनलाइन बैठक. तिच्या वरिष्ठ सपना मॅडम बोलत होत्या, हेमांगी निमूट ऐकत होती. ऐकणाऱ्याचा माऊस हलत नाही. पडदा काळा. बिचारी मोबाइलवरून बैठकीत परतली तेव्हा मॅडमचे शब्द मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आले. "मशीनचा भरवसा नसेल तर सोळा तारखेनंतर सरळ इकडेच ये. खुर्ची रिकामी आहे."

मी ताट दूर सारले. हेमांगीने भरीत दोनदा घेतले. "असू द्या हो पप्पा. मशीन आहे शेवटी." लेकरू वरवर धीर धरते.

"पण तिला काय हवंय, ते विचारलं का तुम्ही?" ज्योत्स्ना.

रोगनिदान चालू असता असले प्रश्न अप्रस्तुत होत.

१० एप्रिल

सुट्टी. मूषकसेवा केली. हेमांगी उठली की मी खुर्चीत, आणि माऊस उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. सबंध दिवसात एकही मूर्च्छा नाही! सिद्धान्त पक्का झाला : यंत्रास विश्रांती सोसत नाही. माझ्या जागी बदली नेमणुकीसाठी ज्योत्स्नेस विचारले. "मी नाही हात लावणार. काही पुसलं गेलं म्हणजे?" तिने या यंत्रास आजवर स्पर्श केलेला नाही, फडके मारण्यापुरताही.

१२ एप्रिल

दुसरा शनिवार. डबा गोधडीत गुंडाळून एसटीने धुळ्यास. कंडक्टरने विचारले, आजारी कोण आहे? मी म्हणालो, तूर्त दोघेही.

धुळ्यास लोटनचे दुरुस्तीचे दुकान. माणूस मितभाषी, बोटे बोलकी. त्याने कार्ड स्वतःच्या यंत्रात लावले आणि तासभर नुसते रिकामे ठेवले. काही झाले नाही. मग आमचा डबा जोडला, सेटिंग उघडले आणि माझ्याकडे वळून पाहिले.

"भाऊ, हाई कोन करेल शे?"

"काय?"

"हाई बचतनं. कार्ड बठ्ठं चांगलं शे. काम नसनं की ते झोपस. तुमी त्याले आखो उपाशी ठेवं. मंग ते उठी कसं?"

मराठीत तात्पर्य : काम नसले की कार्ड आपसूकच वीज कमी घेते. त्यावर आमच्या बचतीने त्याचा उरलासुरला पुरवठाही आवळला. झोपलेले कार्ड मग उठूच शकले नाही.

"कोन करेल शे?" त्याने पुन्हा विचारले.

"घरातल्यांनी," मी म्हणालो.

परतीच्या एसटीत गोधडी मांडीवर. पारोळ्यापर्यंत घाम पुसत होतो. स्वतःच्या मुलीस घरातून घालवण्याचे कार्य मी रोज सकाळी स्वहस्ते करीत होतो.

१३ एप्रिल

'हाय परफॉर्मन्स'. तीन तास यंत्र रिकामे ठेवून समोर बसलो. पडदा उजळच.

हेमांगीस म्हटले, लोटनने दुरुस्त केले. कसे, ते सांगण्याचे धैर्य झाले नाही. ती "बरं" म्हणाली आणि बराच वेळ त्या उजळ पडद्याकडे बघत राहिली. बहुधा आनंद पचवीत असावी.

१४ एप्रिल

यंत्र पूर्ण शुद्धीवर. ज्योत्स्नेस म्हटले, मुलगी राहिली. ती गहू निवडीत होती. एक खडा वेचून बाजूला टाकला.

१५ एप्रिल

कचेरीत दुपारी फोन. "अहो, पडदा काळा झाला. मॅडम बोलत होत्या तेव्हाच."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी. हेमांगी आत होती. सेटिंग उघडले.

'पॉवर सेव्हर'.

मी केले नाही. आज सकाळी मी त्या यंत्रास शिवलोही नाही, केवळ दिवे मालवले. ज्योत्स्ना माऊस धरत नाही. यंत्र आपोआप काही करीत नसते, हे मला लोटनकडून कळून तीन दिवस झाले.

म्हणजे पहिल्या आठवड्यात माझी बचत रोज मोडून काढणारी हेमांगी. आठ तारखेला हट्ट यंत्राने सोडला नव्हता. तिने सोडला होता. आणि आज तर तिने स्वतःच...

सेटिंगचे पान जसे होते तसे मिटले.

१६ एप्रिल

सकाळी ती चहा घेऊन आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "लोटनकाकांनी नेमकं काय सांगितलं होतं, पप्पा?"

"कार्डात मूळचाच दोष आहे म्हणाला. वरवर बरे वाटेल, पण भरवसा धरू नका. पुण्याची खुर्चीच बरी."

तिने कप दोन्ही हातांत धरून ठेवला. "हो ना," म्हणाली.

सोमवारी निघायचे ठरले. माळ्यावरून मोठी सुटकेस काढली. चेन निम्म्यावर अडते. मेणबत्ती घासली, खोबरेल लावले, पकडीने ओढून पाहिली. पुढे सरकत नाही, मागेही येत नाही.