एक घरी, एक शाळेत

८ जानेवारी, बुधवार

आईंनी ठरवलं. यंदा संक्रांतीचं वाण — साबण. आमच्या कंपनीचा!

मी पोळ्या लाटत होते. आई म्हणाल्या, "शेजारची कल्पना म्हणते डब्या-वाट्या पुरे झाल्या आता. सगळ्यांच्या कपाटात मागच्या वर्षीच्या तशाच पडल्यात. तुमचा तो 'अंजुली' देऊ. एक विकत घेतला की कंपनी दुसरा शाळेत देते ना — एक आपल्या घरी, एक शाळेतल्या मुलाला. वाणाचं वाण आणि दानाचं दान." सासूबाई सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण पद्धत तीच — आधी मंजुरी, मग चर्चा.

आनंद झाला मला, खोटं कशाला. आजवर त्यांना माझं काम कधी कळलंच नव्हतं. "लोकांना विचारत फिरते साबण कसा वाटला" असं पाहुण्यांना सांगायच्या. आता म्हणाल्या, "तुझ्या कंपनीनं एक तरी चांगली गोष्ट केली."

रेवतीनं विचारलं, "आजी, वाण मतलब रिटर्न गिफ्ट ना?" आई म्हणाल्या, "रिटर्न काही नसतं त्यात. दिलं की दिलं. परत मागत नाहीत."

दहा वर्षांच्या पोरीला वाण माहीत नाही. दिल्लीच्या द्वारकेत राहून कुठून कळणार.

११ जानेवारी, शनिवार

साबणाची खोकी आली. बाहेर धुकं, खिडक्या बंद, हीटर चालू — घरभर चंदनाचा वास. माझा नवरा, सुधन्वा, म्हणतो, तिळाचे लाडूसुद्धा अंघोळ करून आल्यासारखे लागतात.

१९ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू झालं. घर भरून गेलं होतं. निम्म्या बायका आपल्या, निम्म्या सोसायटीतल्या पंजाबी, बंगाली. त्यांना आता आपल्यापेक्षा जास्त हौस.

आईंनी प्रत्येकीच्या हातात साबण ठेवला आणि प्रत्येकीला सांगितलं — मराठीत, मग हिंदीत — की याच्यासोबत एक साबण एका मुलाला गेलाय. न थकता. प्रत्येक वेळी नव्यानं सांगतायत असं. कल्पनाकाकूंनी साबण कपाळाला लावला. देवाचा प्रसाद लावावा तसा!

कोणीतरी विचारलं, "कुठल्या शाळेत जातो गं?" आईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सरकारी शाळा. हरियाणात, मेवातकडच्या." नक्की माहीत नव्हतं. पण तोंडातून सहज गेलं. आणि सगळ्यांना पटलं.

तेव्हापासून ते 'मेवात' डोक्यात फिरतंय. उद्या ऑफिसात कोणाला तरी विचारून घ्यायचं.

२० जानेवारी, सोमवार

विचारायची वेळच आली नाही.

तिमाहीचा आढावा होता. परीक्षितनं, म्हणजे आमच्या मार्केटिंगच्या प्रमुखानं, स्लाइड लावली. शाळेत गेलेले साबण: विकले गेले त्यांच्या शंभरात दोनसुद्धा नाहीत. आणि खोलीत टाळ्या! मला वाटलं, मी चुकीचं वाचतेय.

शेजारी अविनाश बसला होता. हळूच विचारलं. तो म्हणाला, "अगं, वेष्टनाच्या आतून कोड छापलाय. तो स्कॅन करून फोन नंबर दिला तरच दुसरा साबण जातो. कोण करतंय? ओल्या हातानं फाडलं, फेकलं. बजेटच त्या हिशेबानं बांधलंय, जितके कमी जातील तितका फायदा." मग हसून, "तुझ्याच रिपोर्टवरून ना, यार!"

माझ्याच. आठवलं. "चांगलं काम केल्याचं समाधान ग्राहकाला दुकानातच मिळतं. घरी गेल्यावर कोणी पडताळत नाही." हे वाक्य माझं. बायकांशी बोलून बोलून सापडलेलं. मी सांगितलं, लोक असे वागतात. त्यांनी ते पाककृतीसारखं वाचलं आणि करून बघितलं.

खोटं कोणीच बोललेलं नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळं छापलंय. मी चष्मा लावून वाचलं. आहे.

मेट्रोत सगळा वेळ एकच विचार — आईंनी एवढ्या बायकांना सांगितलं. 'गेलाय' म्हणाल्या त्या. 'जाईल' नाही, गेलाय!

२१ जानेवारी, मंगळवार

सांगितलं नाही. त्या मटार सोलत होत्या, खुशीत होत्या.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज जनकपुरीला हॉटेलात ग्रुप होता. आठ ग्राहक बायका एका खोलीत गप्पा मारतात, आम्ही पलीकडच्या खोलीत टीव्हीवर बघतो. द्वारकेतून आणलेल्या. पडद्यावर तिसऱ्या खुर्चीत — कल्पनाकाकू! मी चहाचा कप खाली ठेवला. कंपनीत नातेवाईक आहे का, एवढंच आधी विचारतात. शेजारणीची सून आहे का, कोणी विचारत नाही.

बायकांना बोलतं करणारीनं विचारलं, कंपन्या चांगलं काम करतो म्हणतात, त्यावर विश्वास बसतो का? एक म्हणाली, सब पब्लिसिटी है. दुसरी म्हणाली, टॅक्स बचाते हैं. एकजात सगळ्या नाही म्हणाल्या. मग अंजुलीबद्दल विचारलं. आणि काकू पुढे सरसावून म्हणाल्या, "कंपनी को कौन जानता है जी? हमारी वीणाताई की बहू है वहाँ. अपूर्वा. घर की लड़की है, वो थोड़ी झूठ बोलेगी."

परीक्षितनं माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, आता रागावेल. ग्रुप बिघडला म्हणेल. तो म्हणाला, "ये तो सोना है."



२७ जानेवारी, सोमवार

भीती होती तेच. परीक्षितला जाहिरातीत आई हव्यात. आमच्याच घरी हळदीकुंकू पुन्हा मांडायचं, त्या साबण देतायत, "एक घरी, एक शाळेत" म्हणतायत. "नटी नको, रिअल पीपल. बिल्कुल तुझ्या सासूबाई." येत्या रविवारी शूटिंग. मी म्हटलं, विचारते.

त्यानं मला विचारलं नाही, की तुला चालेल का. आणि मीही 'नाही' म्हटलं नाही. घाबरट आहे मी. नोकरी जाईल याची भीती, आईंचं तोंड उतरेल याची भीती, कल्पनाकाकूंच्या कपाळाला लागलेल्या त्या साबणाचीसुद्धा भीती. कोणती जास्त मोठी, ते ठरत नाही.

सुधन्वाला सांगितलं. तो म्हणाला, "सगळ्याच कंपन्या करतात." थोड्या वेळानं म्हणाला, "आईला मात्र सांग." त्यानं सांगावं अशी आशा होती. तो क्रिकेट बघायला गेला.

२९ जानेवारी, बुधवार

परीक्षितनं वाट न बघता आईंना थेट फोन केला. आई लाजल्या! त्यांना लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी ऑफिसातून आल्या आल्या विचारलं, "पैठणी बरी की नारायणपेठ? कॅमेऱ्यात भडक नको दिसायला." पलंगावर साड्या मांडल्या होत्या. आरशासमोर उभ्या राहून वाक्य म्हणून बघत होत्या. "एक घरी, एक शाळेत." हात पुढे करून.

मी म्हटलं, नारायणपेठ.

आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

३१ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं.

संध्याकाळी त्या साडीला फॉल लावत बसल्या होत्या. मी वेष्टन घेऊन गेले, उलटं करून कोड दाखवला, मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. टाळ्यांचं सांगितलं. माझ्या वाक्याचंही. मेवातचंसुद्धा. 

 त्यांनी सुई कापडात तशीच सोडली. मग विचारलं, "म्हणजे मी सांगितलं ते खोटं?" मी म्हटलं, "अहो आई, तुम्हाला माहीत नव्हतं." त्या म्हणाल्या, "ज्यांना सांगितलं, त्यांना तरी कुठे माहीत आहे."

मग विचारलं, "जाहिरातीला मी नाही म्हटलं तर तुझ्या नोकरीचं?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

"साबण परत मागता येत नाही," त्या साडीची घडी घालत म्हणाल्या. "सांगितलेलं परत घेता येतं."

२ फेब्रुवारी, रविवार

शूटिंग झालं नाही. गुडघा दुखतोय असं आईंनी परीक्षितला कळवलं. दुसऱ्याच कोणालातरी घेणार म्हणे, पुढच्या महिन्यात. संध्याकाळी त्याच गुडघ्यानं चार जिने चढून कोणाच्या तरी हळदीकुंकवाला गेल्या. मंगळवारी रथसप्तमी, तोवर रोज कुठे ना कुठे आहेच. मी सोबत गेले. मला बघायचं होतं, आणि बघवणारही नव्हतं.

कुंकू लावून झालं, तिळगूळ झाला. मग भर बैठकीत त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला साबण देताना एक सांगितलं होतं. ते बरोबर नव्हतं." सगळं सांगितलं. मराठीत, मग हिंदीत. प्रत्येकीकडे बघून. माझं नाव घेतलं नाही. बायका माझ्याकडे बघायला लागल्या, मी गालिच्याकडे.

 निघताना कल्पनाकाकू माझ्याजवळ थांबल्या. "तुला कधी कळलं?" मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी. त्या चप्पल घालून निघून गेल्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

हळदीकुंकवं संपली. राहिलेल्यांना आई आता फोनवर सांगतायत. यादी लागत नाही त्यांना, सगळ्या पाठ आहेत. फरिदाबादच्या बहिणीपर्यंत पोचल्या. मी ऑफिसात जाते, येते. कोणाचा मेल आला की आधी पाठवणाऱ्याचं नाव बघते.

कल्पनाकाकू लिफ्टमध्ये भेटल्या. मजला येईपर्यंत दोघी आकडे बघत होतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

परीक्षितचा मेसेज. "द्वारका एकदम कसं पडलं? सगळीकडे ठीक आहे, फक्त तिथेच विक्री खाली. तू कारण शोध. तिथल्या बायका तुला खरं सांगतील."

लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं — "शोधायला नको. त्या बायकांना माझ्या सासूबाईंनी सांगितलं. सासूबाईंना मी."

पाठवलं.