फुगलेला इनबॉक्स

शुक्रवार, मंगरूळपीर. दिवेलागणी.

आज माझ्या संगणकाने माझ्याविरुद्ध असहकार पुकारला. इनबॉक्स भरला म्हणे. मेल येईना, जाईना. रविवारच्या सदराचा लेख आजच संपादकांकडे पोचला नाही, तर ती जागा माझ्या लेखकमित्राला, गजाननला. त्याचा लेख तिथे तयारच पडलाय. मलाही पाठवला होता. चांगला आहे, तेच खुपतं.

इनबॉक्स भरला कशाने? मेल आकाराने लावून पाहिले, तर वर सगळा गजाननच, त्याच्या सत्कारांचे फोटो. शेलूबाजारात शाल, पोहरादेवीला शाल. एकेक फोटो इतका जड, की शालीचंही वजन त्यात धरलं असावं. मला आजवर कुणी साधा रुमाल दिला नाही. मोठ्या समाधानाने त्याला डिलीट केलं. तरी इनबॉक्स भरलेलाच!

शेवटी फोन कुणाला? त्यालाच. दुसऱ्या कुणाला हे येतं इथे?

"अबे, डिलीट करून खुश कायले होतं? ते सारं कचऱ्यात पडून हाय. आधी कचरा रिकामा कर, मंग फोल्डर कॉम्पॅक्ट कर, तवा जागा मोकळी होते."

"काय डिलीट केलं, ते नाही इचारलं तू?"

"माह्या शालीच असतीन. लेख पाठव पयले."

हसला लेकाचा. गप्प बसला असता तर रविवार त्याचा होता, आणि हे त्याला ठाऊक होतं. शाली मिळतात ते एक वेळ समजतं. हा मोठेपणा कुठून आणतो? जळफळाट नुसता.

लेख गेला. खाली संपादकांना एक ओळ जोडली: पुढच्या रविवारी गजाननचा घ्या, माझ्यापेक्षा बरा आहे.

त्याला काही कळवलं नाही.