सूनबाईच्या वर्गाची कापाकापी

१ ऑगस्ट
प्रथम सर्वांची खुशाली. हिचे गुडघे? कुरकुरतात, पण ऐकतात. चिरंजीवांची पाठ? टेकायला खुर्ची मिळाली की उत्तम. नातीचे दोन दात पडले, भूक शाबूत. सूनबाईचा घसा? बसलेलाच. सरकारी शाळा, तिसरीचा वर्ग, शेहेचाळीस मुलं, त्यातच आमची नात. एकटी ओरडते बिचारी. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर आवाज कायमचा जाईल. माझी प्रकृती ठणठणीत. म्हणूनच प्रश्न हाती घेतला आहे.

२ ऑगस्ट
शिक्षणावरचं जाड पुस्तक वाचलं. मधली पानं सोडून. सार: वर्ग लहान, तर विद्या महान. जन्मभर शिवणकाम केलं. एका मापात शेहेचाळीस सदरे बसत नाहीत, हे खात्याला कळू नये? मुख्याध्यापिकाबाईंना म्हटलं, वर्गाचे दोन भाग करा. त्या म्हणाल्या, आजोबा, दुसऱ्या शिक्षकाचा पगार परवडत नाही. म्हटलं, मी फुकट शिकवतो. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. भारावल्या असाव्यात.
ही म्हणाली, कापड कापलं की तुकडे दोन होतात हो, मास्तर दोन होत नाहीत. दुर्लक्ष केलं.

५ ऑगस्ट
तुकडी ‘ब’ माझी! तेवीस मुलं. पलीकडे सूनबाई, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. विषय अपूर्णांक. कापडाचं उदाहरण घेतलं, त्यावरून माझ्या पहिल्या दुकानाची गोष्ट निघाली. घंटा झाली तरी दुकान उघडायचंच होतं.

८ ऑगस्ट
आज सतराच. सहा जण पाणी प्यायला गेले, ते सूनबाईच्या वर्गात सापडले. वर्ग आणखी लहान झाला, म्हणजे दर्जा वाढलाच.

१४ ऑगस्ट
नऊ. प्रयोग भलताच यशस्वी. एकाने विचारलं, आजोबा, अपूर्णांक कधी येणार? म्हटलं, आधी शटर तर वर जाऊ दे. गेटवर पाटी लावली: ‘लहान वर्ग, प्रत्येकाकडे लक्ष.’

२० ऑगस्ट, दुपारी
पाटी वाचून अकरा नवे प्रवेश! सगळे ‘ब’मध्ये घेतले. मधल्या सुट्टीनंतर जुने-नवे सगळे पलीकडे. उरली एकटी नात. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बसलेय, म्हणाली. गुणी पोर. एकास एक शिक्षण! राजपुत्रांनाही असंच मिळायचं.

२५ ऑगस्ट
खात्याचे साहेब आले. एक मुलगी, एक खोली, एक पंखा, एक फळा. म्हणाले, सबंध खात्यात इतका महागडा वर्ग नाही. फुकट शिकवूनही महाग! तुकडी बंद. पलीकडे डोकावले, तर बाकावर चार-चार पोरं. म्हणाले, इथे मात्र खर्च छान बसतो. नात धरून सत्तावन्न. हा विजय कोणाच्या नावावर मांडावा?

२६ ऑगस्ट
सूनबाईचा आवाज गेला. साफ. डॉक्टरांनी मौन सांगितलं आहे. परत येईल का, ते सांगितलं नाही. तरी शाळेत गेली. पार्टिशनच्या फटीतून पाहिलं: फळ्यावर लिहून शिकवत होती, पोरं एकमेकांच्या खांद्यावरून वाचत होती. हूं की चूं नाही. अपूर्णांक मला आज समजला.
ही माझ्याशी बोलत नाही. हिचा घसा चांगला आहे.

रात्री नातीच्या पाटीवर लिहून सूनबाईच्या टेबलावर ठेवलं:
‘चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद. तुझी मुलं कमी करायला निघालो आणि वाढवून बसलो. मागच्या बाकावर जागा होईल का? फळा पुसत जाईन, एक शब्द बोलणार नाही. उत्तर लवकर लिहावे.’