गुलाबी अळीचा प्रश्न

गोंडल,
७ डिसेंबर २०२५, रविवार

ताई,

शून्य म्हणजे फारच झालं. अर्धा तरी द्यायचास! घरी सगळे खुशाल असतील असं धरून चालतो. मीही इथं कापसाच्या जिनिंगमध्ये ठीक आहे. खोकला आहे तो रुईचा, आई-बापूंना सांगू नकोस. पण ते शून्य मनातून जात नाही. आठवीत शाळा सोडलेल्या भावाला बारावीचा पेपर फोनवर पाठवायचा, 'गंमत म्हणून लिहून बघ' म्हणायचं, आणि वर लाल गोल मारून परत धाडायचा. लहानपणी गोट्या खेळतानाही तू अशीच होतीस.

फोन केला नाही, कारण आई तो स्पीकरवर ठेवते आणि तू मधेच बोलतेस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

तुझ्या वर्गातली एक्केचाळीस पोरं. नैसर्गिक निवड म्हणजे काय, हे अडतीस जणांनी पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवलं. मग तू दुसरा प्रश्न घातलास, बीटी कपाशी खाऊन पूर्वी मरणारी गुलाबी अळी आता का मरत नाही? त्यावर छत्तीस जणांनी लिहिलं, अळीला सवय झाली. मीही तेच लिहिलं. आपल्या शेतावरचा सालदार भिला हेच म्हणायचा ना, "अळीले आदत पडी गई, भाऊ." त्यालाही तू शून्यच दिलं असतंस.

प्राचार्य म्हणतात हा प्रश्न काढा, बोर्डात असा येत नाही, उगाच निकाल खराब दिसतो. आणि तू म्हणतेस, काढेन बहुतेक. काढू नकोस. का ते सांगतो, जरा लांबून येतो.

इथं सरकी चाळायची मोठी जाळी आहे. परवा मी तिच्यासमोर उभाच राहिलो. करणसिंग म्हणून धडगावकडचा एक जण सोबत असतो. तो म्हणाला, "काय रे, लगीन करतो का जाळीसंगं?" मी म्हटलं, थांब जरा. जाळी कुठल्या दाण्याला मोठा करत नाही. बारीक होता तो खाली गेला, मोठा आधीपासूनच मोठा होता. अळीचंही तेच ना, ताई? शिकली कुणीच नाही. मरायच्या त्या मेल्या, हजारात एखादी मुळातच निराळी होती ती राहिली, आणि पुढची पिल्लं तिलाच झाली. वर राहिलेल्या दाण्याला पिल्लं होत नाहीत, एवढाच काय तो फरक. बरोबर असेल तर गुण लाव.

आता जे लिहायला बसलो ते.

माझ्या शून्याखाली तू लाल अक्षरात लिहिलंस, की बियाण्याच्या पिशवीत साध्या कपाशीचं छोटं पाकीट यायचं, ते बांधाकडेनं लावायचं असायचं. त्यावर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग होऊन त्यांनी बीटीवर टिकलेल्यांशी जोडी लावावी, म्हणजे निराळेपण पसरायला वेळ लागतो. हे मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचत होतो.

मी घर सोडलं त्या वर्षी बापूंनी ती आठ पाकिटं माझ्या हातात दिली होती. शहाद्याला मॅच होती. मी पाकिटं नाल्यात फेकली आणि सायकल काढली. सगळेच फेकायचे, नाहीतर म्हशीला घालायचे. पुढे बोंडं किडली तेव्हा बापूंनी विचारलं, बांधाकडेचं बी कुठे गेलं? मी म्हटलं, भिलाला दिलं होतं.

भिला ओट्याखाली उभा होता. "माले कोनी पाकीट दिन्हं नही, बापू." एवढंच बोलला. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. अकरा वर्षं आपल्याकडे होता, त्याच आठवड्यात त्याला काढलं. ती सायकलही मला त्यानेच शिकवलेली. पुढच्या महिन्यात मी निघालो, आणि तुम्ही म्हणत राहिलात, याच्या पायाला भिंगरी आहे.

तू म्हणशील, आठ पाकिटांनी काय होतं, अख्ख्या शिवाराने फेकली होती. मला माहीत आहे. पण भिलाला काढलं ते एकाच शेतातून.

आता तो विसरवाडीला हायवेवर ट्रक धुतो. गावी येताना माझी बस तिथं थांबतेच. सगळे चहाला उतरतात. मी पडदा ओढून झोपेचं सोंग करतो. सात वर्षं झाली.

संक्रांतीला येतोय. या वेळी विसरवाडीला उतरेन, आधी भिलाशी बोलेन, मग घरी ब्राह्मणपुरीला येऊन बापूंशी. तोवर तू त्यांना काही सांगू नकोस, मलाच सांगू दे. ते काय म्हणतील याची भीती वाटते, पण भिला काहीच बोलला नाही तर, याची जास्त.

आणि तू तो प्रश्न ठेव. पोरांना नीट समजाव, पुन्हा पेपर घे. त्यांच्याही घरी बांध आहेत, सालदार आहेत. ऑफिसात झेरॉक्स काढू देत नाहीत म्हणालीस, तर बाहेरून काढ. दोन रुपये पान. एक्केचाळीस त्यांच्यासाठी आणि एक माझ्यासाठी. या वेळी तुझ्यासमोर बसून लिहीन.

तुझा शून्यवाला
धीरज

तुझ्या फोनवर पाठवतोय : चौऱ्याऐंशी रुपये.