केळीच्या राखेची निवळी

२३ फेब्रुवारी, रविवार

चौथी धुलाई. शिकेकाई साठ ग्रॅम, रिठे बिया काढून पंचवीस, आवळकाठी वीस. मोटरींचं वाइंडिंग भरताना तांब्याची तार तोलतो त्याच काट्यावर तोललं. अंदाजपंचे काही नाही. पण बोअरचं पाणी जड, शिकेकाई केसांना धरून बसते. मागच्या तिन्ही वेळा सुलक्षणाचं तेच – "कंगवा अडकतो. मोहिनीकडची बाटली बरी होती." मोहिनी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी जिचं पार्लर आहे ती. शाम्पूची ती बाटली मी जानेवारीतच मोरीत ओतली.

तोड मीच काढली. केळीचा खांब वाळवून जाळला, राख पाण्यात कालवली, वरची निवळी घेतली. आई असल्या निवळीत कपडे धुवायची, पांढरेशुभ्र निघायचे. निवळी अर्ध्यावर आटवून शिकेकाईत घातली. फेस काय आला! अंगणात सुलक्षणाला पाटावर बसवून मीच चोळलं. समोरच्या इंदिराबाई ओट्यावरून म्हणाल्या, "अरे रतिलाल, मोटर नही शे ती, बायकोनं डोकं शे." म्हटलं, प्रमाण कळलं की दोन्ही सारखंच.

२५ फेब्रुवारी

सुलक्षणा म्हणते टाळू चुरचुरते. मी म्हटलं, इतक्या वर्षांचा शाम्पू सुटतोय, सुटताना थोडं लागणारच. हे कुठे वाचलं ते आता आठवत नाही. वाचलंच नसावं.

२ मार्च, रविवार

पाचवी. निवळी दुप्पट. ती म्हणाली, "आज राहू द्या." मी म्हटलं, मध्येच खंड पडला तर आधीच्या चार फुकट जातील. बसली. घड्याळ लावून वीस मिनिटं ठेवलं. बाराव्या मिनिटाला म्हणाली, "धुऊ का आता?" मी म्हटलं, आठ राहिलीत.

३ मार्च

उजव्या कानाच्या वर तीन बोटं रुंद जागा लाल झाली आहे, पाणी सुटलंय. केस नुसते बोटाला लागून येतात. मुळासकट.

४ मार्च, मंगळवार

धुळे. तिथे नोकरीला असलेला आमचा तेजस दवाखान्यात आधीच येऊन नंबर लावून बसला होता. त्वचेचे डॉक्टर, तरुण. म्हणाले, "हे भाजलंय. काय लावलं होतं?"

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. सुलक्षणा म्हणाली, "पार्लरमध्ये धुऊन घेतले. काहीतरी नवीन होतं त्यांच्याकडे."

डॉक्टर पार्लरवाल्यांबद्दल बरंच बोलले. मी भिंतीवरचा कातडीच्या थरांचा तक्ता वाचत बसलो. तिथे पुन्हा केस येतील का, ते तीन महिन्यांनी कळेल म्हणे.

बाहेर येताच तेजसने मोहिनीला फोन लावला. नाही नाही ते बोलला. ती पलीकडून सांगत असावी की काकू पार्लरमध्ये आल्याच नाहीत, कारण त्याने फोन माझ्यापुढे धरला – "बाबा, सांगा हिला."

मी म्हटलं, "जाऊ दे आता."

जाऊ दे! एवढंच सुचलं मला.

परतीच्या एसटीत अमळनेर मागे पडलं. मग मी विचारलं, असं का सांगितलंस? "पोरासमोर तुमची लाज काढू?" म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून खिडकीकडे वळली.

७ मार्च

पार्लरमध्ये भाजल्याचं गल्लीभर झालं. सुगंधाबाईंच्या पोरीची नवरीची तयारी मोहिनीकडे होती, ती इथे चोपड्यातच दुसऱ्या पार्लरला गेली. आणखी एक गेली म्हणतात. इंदिराबाईंनी तर धुलाई डोळ्यांनी पाहिली आहे. मला पाहिलं आणि दार लावून घेतलं.

मोहिनी पार्लरच्या पायरीवर एकटी बसली होती. मला बघून उठली. "काका, काकूंची जखम कशी आहे?" बरी आहे म्हणालो आणि गाडीला किक मारली.

९ मार्च, रविवार

आज धुलाई नाही. जखमेला मलम तीच लावते. मला हात लावू देत नाही. "तुम्ही बसा."

११ मार्च

आयटीआयचं तोंड पाहिलं नाही. जळक्या मोटरी उकलून उकलून शिकलो. गिऱ्हाइकाची मोटर माझ्या हातून जळली तर त्याच्या तोंडावर सांगतो – माझी चूक, पुन्हा भरून देतो. तीस वर्षं सांगत आलो. गावात नाव आहे ते त्यावरच. मग हे एक वाक्य का निघत नाही? मोटर पुन्हा भरता येते म्हणून?

आणि एक. आई त्या निवळीत कपडे धुवायची. डोकं कधीच नाही. तिच्या हातांना कायम भेगा असायच्या, रात्री तेल चोळत बसायची. ते मी पाहिलं होतं. लहान होतो, पण पाहिलं होतं. कपडे तेवढे लक्षात ठेवले.

१४ मार्च, धूलिवंदन

तेजस आला. जेवताना सांगून टाकलं. त्याचा घास हातातच राहिला. "बाबा, मी त्या पोरीला काय काय बोललो!" सुलक्षणा वाढत राहिली, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेजस म्हणाला, उद्या मोहिनीकडे मी येतो बरोबर. मी म्हटलं, आधी मला एकट्याला जाऊ दे. नंतर तू जा.

१५ मार्च, शनिवार

मोहिनीला सांगितलं. ती टॉवेलच्या घड्या घालत होती, थांबली नाही. म्हणाली, "मला माहीत आहे, काका. धुळ्याहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी काकू येऊन सांगून गेल्या. गल्लीत खरं काय ते सांगते म्हणाल्या, फक्त आधी तुझ्या काकांना थोडे दिवस दे. ते येतील."

दहा दिवस. रोज संध्याकाळी चहा पुढे ठेवून सुलक्षणा विचारायची, "आज कुठे जाऊन आलात का?" आणि मी म्हणायचो, कुठे नाही.