आमचे अशील

दि. ९ मार्च

ती. दादास,

पुढे शिरसाष्टांग नमस्कार लिहायचा असतो, पण हात धजत नाही. तेव्हा नुसता नमस्कार. इकडे सगळं ठीक. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, ऑफिसचे जिने चढत जाऊ नकोस.

तुझी नोटीस मिळाली. "आमच्या अशिलांच्या सांगण्यावरून आपणास कळविण्यात येते की, आपण सदर घर महिन्याभरात रिकामे करावे." अशील म्हणजे माझे दीर. आणि आपण म्हणजे मी! अरे, हे गेले तेव्हा मी तुझ्या केबिनमध्ये रडत बसले होते, तेव्हा तू काय म्हणाला होतास? "घाबरू नकोस, आपण बघून घेऊ." त्या 'आपण'मध्ये तूही होतास ना रे? ज्या शब्दाने जवळ घेतलंस, त्याच शब्दाने घराबाहेर काढतोयस. धन्य तुझी वकिली!

दिरांसारखा अशील तुला सोडवत नाही, हे मी समजू शकते. आजोबांच्या वेळेपासून त्यांच्या घराण्याचं काम आपल्या फर्मकडे. गोदामांचे करार, भाडेकरूंच्या भानगडी, सगळं तुम्हीच निस्तरलंत. माझं लग्नही त्याच ओळखीतून जमलं. बाबा कौतुकाने म्हणायचे, अशील नाही, आता सोयरे झाले. मोठा अशील हातचा जाऊ नये म्हणून तू त्यांची बाजू घेतलीस, इथवर मी गिळलं असतं.

पण नोटिशीतला तिसरा मुद्दा? "बक्षीसपत्राची नोंदणी नाही, सबब ते ग्राह्य नाही." सासऱ्यांनी हे घर यांना बक्षीस दिलं, त्या कागदाची नोंदणी करायची राहून गेली, हे मी फक्त तुला सांगितलं होतं. भाऊ म्हणून आणि वकील म्हणूनही. दार तूच लावून घेतलं होतंस. माझं तोंड दाबून तो कागद दिरांच्या हातात ठेवला असतास तरी इतका संताप झाला नसता. लाज कशी वाटली नाही रे तुला?

तुला फोन करणार होते. नाही केला. सरळ दिरांकडे गेले. ते आधी ताठ होते, "वहिनी, कायद्याने जे व्हायचं ते होईल." मी म्हटलं, "होऊ दे की. फक्त एक सांगा, नोंदणी राहिली हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी चहाचा कप उचलला. मग मी म्हटलं, "सख्ख्या बहिणीचं पोटातलं त्याने तुम्हाला विकलं. तुमच्या घराच्या तीन पिढ्यांचं सगळं त्याच्या कपाटात पडलंय. उद्या तुमच्यापेक्षा मोठा अशील आला तर?"

त्यांनी चहा तसाच ठेवला.

काल ते आपणहून आले. घर माझ्या नावावर होतंय. गोदामातला यांचा हिस्सा मी सोडते आहे. कागद दुसऱ्या वकिलाकडे केलेत. आणि त्यांचा माणूस उद्या सकाळी तुझ्याकडे येईल, सगळ्या फायली न्यायला. सगळ्या म्हणजे सगळ्या, दादा. अडवू नकोस, उगाच शोभा होईल.

त्यांचं बरं आहे. अशिलाला वकील बदलता येतो. भाऊ बदलायची सोय असती, तर त्यांच्या माणसाआधी मीच माझी फाईल न्यायला आले असते.

नाइलाजाने तुझीच,
धाकटी