पीटरबरोबर मी रॉक बँड ऐकला

लंडन, ऑक्टोबर १९८४

थोरले बंधू फर्डिनंड यांना धाकट्या बस्त्यावचा नमस्कार.

येशूच्या कृपेने मी बरा आहे. कानात थोडी शिट्टी वाजते, पण घाबरू नका. केळींना पाणी वेळेवर मिळते ना?

पीटर विलायतेत बिघडला, त्याला परत घेऊन ये, असे तुम्ही माझ्या मुलाबद्दल लिहिलेत. म्हणून तो जातो त्या रॉक बँडला मीही गेलो. वाजवणारे जुने, पिकल्या केसांचे होते.

ते येताच सगळे लोक उभे राहिले. मला वाटले, चर्चमध्ये मिस्सात शुभवर्तमान वाचताना उभे राहतात तसेच. मीही टोपी काढून उभा राहिलो. पीटर कानाशी ओरडला, "पप्पा, बसा, गुडघे दुखतील!"

मी म्हटले, "सगळे उभे असताना मी बसू होय?"

तो हसला आणि शेवटपर्यंत माझा दंड धरून राहिला. एवढ्या आवडीचा बँड, पण लक्ष सगळे माझ्या पायांकडे.

असा मुलगा बिघडला म्हणता? मी त्याला आणणार नाही. त्याची आई सालोमी रडली तर तिला हे वाचून दाखवा. फादरांनाही दाखवा. तो पुन्हा नेईल तेव्हा मी पुन्हा जाणार.

तुमचाच,
बस्त्याव